तीन वर्षांत फिट नाही, तरी ईईजी ॲबनॉर्मल?

मिरगीच्या रुग्णाची फाईल डॉक्टरांपुढे आली की दोन प्रश्न हमखास निघतात. गोळ्या चालू आहेत, तीन वर्षांत फिट नाही, मग ईईजी ॲबनॉर्मल कसा? दुसरा नेमका उलटा: दर महिन्याला फिट येते आणि कागदावर मात्र ‘नॉर्मल’! मशीनच बिघडलेलं असणार म्हणत मंडळी सोलापूरहून थेट पुणं गाठतात. मशीन बहुतेक वेळा धडधाकट असतं.

ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेची नोंद. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी 1924 मध्ये ती माणसावर पहिल्यांदा घेतली. एकट्या पेशीची वीज कवटीबाहेर कळत नाही. हजारो पेशी एकदम वरखाली झाल्या तरच लाट उमटते. सोलापुरात यंत्रमागांच्या गल्लीतून जाताना एकेका मागाचा ठोका वेगळा ऐकू येत नाही, सगळ्यांची मिळून घरघर तेवढी कानावर पडते. पण पन्नास माग एकाच क्षणी ठोका देऊ लागले तर रस्त्यावरचा माणूसही दचकेल. मिरगीत असाच एकसाथ ठोका पडतो आणि कागदावर 70 मिलिसेकंदांहून छोटी, टोकदार लाट येते. तिला स्पाइक म्हणतात.

पण स्पाइक म्हणजे फिट नव्हे. नेहमीचा ईईजी वीस-तीस मिनिटांचा. तेवढ्यात स्पाइक पडला नाही की रिपोर्ट नॉर्मल. पहिल्या तपासणीत तो साधारण निम्म्याच रुग्णांत सापडतो. म्हणून तर आदल्या रात्री जागरण करून यायला सांगतात. डोक्याला तेल नको हेही बजावतात, नाहीतर इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना खोलीतला एसी बंद पडला तर घामामुळे कागदावर संथ हेलकावे येतात. नवख्याला ते मेंदूचेच वाटावेत.

फिट मेंदूच्या एका भागातून सुरू होत असेल, तर कार्बामॅझेपिनसारखी गोळी फिट थांबवते, स्पाइक मात्र बऱ्याचदा तसेच राहतात. लहान मुलांच्या ॲब्सेन्स फिटचं वेगळं आहे. मूल जेवता जेवता काही सेकंद शून्यात बघत बसतं. तपासणीत त्याच्या हाती भिरभिरं देतात आणि तीनेक मिनिटं फुंकर मारायला लावतात. आजार आटोक्यात नसेल तर सेकंदाला तीन या गतीने स्पाइक आणि लाटांची रांगच लागते. औषध लागू पडलं की सहसा रांग नाहीशी होते. इथे कागद आणि आजार जुळतात.

बाकीच्यांच्या बाबतीत मात्र स्पाइक मोजून फारसं हाती लागत नाही. मला जास्त रंजक वाटते ती त्यामागची साधी लय. डोळे मिटून जागं बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला 8 ते 13 लाटा येतात. डोळे उघडताच त्या विरतात. ही अल्फा लय. ज्यांच्या फिट आटोक्यात नाहीत त्यांच्यात ती सरासरीने संथ असते, असं किंग्ज कॉलेज लंडनच्या संशोधकांना आढळलं. त्यांचा शोधनिबंध 2019 चा. नजरेला हा फरक सहज दिसत नाही, संगणकाने मोजावा लागतो. शिवाय डुलकी, वय आणि खुद्द काही गोळ्या, उदाहरणार्थ फेनिटॉइन, यांनीही लय मंदावते. दोन गटांच्या सरासरीत फरक आहे, म्हणून समोरच्या एका माणसाबद्दल लगेच निकाल देता येत नाही.

त्यामुळे डॉक्टर आधी विचारतात: शेवटची फिट कधी? गोळी चुकली का? झोप पुरते का? रात्रपाळीच्या कामगाराची रात्रीची गोळी राहून गेली आणि दिवसा झोपही झाली नाही, तर फिट यायला तेवढं कारण पुरतं. दोन योग्य औषधं नीट घेऊनही फिट थांबत नाहीत, असे सुमारे एक-तृतीयांश रुग्ण असतात. आज हे कळायला महिने, कधी वर्षं जातात, कारण एकेक औषध वापरूनच पाहावं लागतं. अल्फा लय तर पहिल्याच ईईजीत नोंदली गेलेली असते. तिच्यावरून ते लवकर ओळखता आलं, तर शस्त्रक्रियेसारख्या उपायांचा विचारही वेळेत सुरू करता येईल.