नवा ड्रायव्हर टाकला की जुना लॅपटॉप पळतो?

‘लॅपटॉप कितीही जुना असो, ग्राफिक्सचा सर्वात नवा ड्रायव्हर टाका, नव्यासारखा पळेल.’ हा सल्ला जळगाव-भुसावळकडे वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. पडद्यावर चित्र उमटवणारी ग्राफिक्स चिप नवी असेल, तर नवा ड्रायव्हर खरंच उपयोगी पडतो. गैरसमज तिथूनच झाला असावा.

जुन्या चिपचं गणित वेगळं. ड्रायव्हर म्हणजे चिपशी बोलणारा दुभाषी. ठरावीक काळानंतर कंपन्या जुन्या चिपा नव्या आवृत्त्यांतून वगळतात. एनव्हिडिया कंपनीच्या जीफोर्स ८ आणि ९ या जुन्या चिप-मालिकांचा प्रवास ड्रायव्हरच्या ३४० क्रमांकाच्या शाखेवर संपला. त्यापुढचा ड्रायव्हर त्या चिपला ओळखतच नाही.

स्वतः बघा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर्स’ उघडा, चिपवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, मग ‘हार्डवेअर आयडीज’. ‘व्हीईएन’ (VEN, म्हणजे कंपनीचा क्रमांक) पुढे ८०८६ असेल तर चिप इंटेलची, १००२ म्हणजे एएमडी. पुढचा ‘डीईव्ही’ (DEV, म्हणजे चिपचा) क्रमांक ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलमध्ये, म्हणजे तो कुठल्या चिपांसाठी आहे ती यादी असलेल्या .inf फाइलमध्ये, शोधा. सापडला नाही, तर तो ड्रायव्हर तुमच्या चिपसाठी नाही. चिपच्या नावाऐवजी ‘बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ दिसत असेल, तर मात्र योग्य ड्रायव्हर बसलेलाच नाही. लॅपटॉपच्या मॉडेलप्रमाणे कंपनीच्या साइटवरून घ्या. नवा टाकून बिघडलं असेल तर आधीचा ड्रायव्हर परत आणणारं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण प्रॉपर्टीजमध्ये आहेच.

आणि आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा ४४ च्या पुढे गेल्यावर लॅपटॉप रखडला, तर आधी पंख्यातली धूळ काढा. चिप तापली की स्वतःच वेग कमी करते. तिथे ड्रायव्हर काय करणार?