हॅम्बुर्गचं सेंटर पायी बघण्याआधी : थोडी पार्श्वभूमी

हॅम्बुर्गच्या सेंटरमधले वॉकिंग टूर बहुतेक राथाउसच्या, म्हणजे शहराच्या टाउन हॉलच्या, चौकातून निघतात आणि नवव्या शतकातला किल्ला, बंदराला जकातमाफी देणारी ११८९ ची सनद वगैरे पहिल्या पाच मिनिटांत उरकतात. ते ठीकच आहे, कारण त्या काळातलं डोळ्यांना दिसण्यासारखं फार थोडं उरलंय, आणि ज्या सनदेच्या तारखेवर दर मे महिन्यात बंदराचा वाढदिवस साजरा होतो ती सनद नंतरच्या शतकात बनवलेली, म्हणजे खोटीच आहे. रस्त्यात जे समोर येतं ते बहुतेक १८४२ नंतरचं.

५ मे १८४२ ला मध्यरात्रीनंतर डाइशश्ट्रासंमध्ये आग लागली ती ८ तारखेपर्यंत विझली नाही. ५१ माणसं गेली, जवळपास २० हजार बेघर झाली, आग अडवायला जुनं राथाउस सुरुंगाने उडवलं तरी ती पुढे सरकलीच. आग उत्तरेकडे पसरत गेल्यामुळे जिथे ती लागली त्याच गल्लीच्या दक्षिण टोकाची काही जुनी घरं वाचली, टूरमध्ये तीच दाखवतात. आल्स्टर नदीच्या काठची पांढरी कमानींची रांग आगीनंतरची. नवं राथाउस मात्र १८९७ ला पूर्ण झालं, तेही मऊ जमिनीत ४ हजारांवर ओकचे खांब ठोकून. आगीनंतर एका इंग्रज इंजिनिअरने जमिनीखालून गटारं घातली, त्या काळच्या युरोपात एवढं आधुनिक काम फार कमी शहरांत होतं. नवी नळयोजनाही त्याचीच, पण नळाला पाणी यायचं ते एल्बे नदीचं, न गाळलेलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सांक्ट निकोलाय चर्चचा काळवंडलेला मनोरा बघताना मुंबईकरांनी जरा थांबावं. याचं डिझाइन ज्या ब्रिटिश आर्किटेक्टचं, त्यानेच आपल्या मुंबई विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर काढलाय. हा मनोरा आणि ते सभागृह दोन्ही १८७४ ला पूर्ण झाले. १४७ मीटरचा हा मनोरा दोन वर्षं जगातली सगळ्यात उंच इमारत होता. जुलै १९४३ मध्ये बॉम्ब टाकायला आलेल्या विमानांना हाच खूण म्हणून उपयोगी पडला, त्या हल्ल्यांत ३० हजारांवर लोक मेले. मनोरा उभा राहिला, मागच्या सभामंडपाच्या भिंतीही बऱ्यापैकी शाबूत होत्या, तरी १९५१ ला त्या पाडल्या. नंतर जवळूनच भलामोठा हायवेसारखा रस्ता काढला, आणि आज मनोऱ्याकडून डाइशश्ट्रासंला जायचं तर तो सिग्नलला थांबून ओलांडावा लागतो.

आता श्पायशरश्टाट, म्हणजे लाल विटांच्या गोदामांचा तो सगळा भाग. टूरमध्ये इथे फोटोच जास्त होतात, पण माझ्या मते शहराच्या इतिहासातला सगळ्यात वादाचा निर्णय इथला आहे. हॅम्बुर्ग जर्मन साम्राज्यात आलं तरी जकातीच्या हद्दीबाहेरच राहिलं होतं. बर्लिनहून दबाव वाढला, व्यापाऱ्यांत दोन तट पडले, शेवटी १८८१ ला तडजोड झाली की शहर जकातीच्या हद्दीत येईल पण बंदराचा एक भाग मोकळा राहील, तिथे माल जकात न भरता उतरवायचा, साठवायचा, निवडायचा. साम्राज्याने त्यासाठी ४ कोटी मार्क द्यायचं कबूल केलं. प्रश्न होता जागेचा. व्यापाऱ्यांना गोदामं आपल्या ऑफिसांपासून पायी जाता येतील इतकी जवळ हवी होती, म्हणून निवडली केअरवीडर आणि वांडराम ही बेटं, आणि तिथे तर माणसं राहत होती! एका बाजूला गोदी कामगार आणि कारागिरांची दाटीवाटीची घरं, दुसरीकडे श्रीमंत व्यापाऱ्यांचे जुने वाडे. १८८३ पासून सगळं पाडलं. जवळपास २० हजार लोकांना हलवलं, घरमालकांना मोबदला मिळाला, भाडेकरूंना पर्यायी घर द्यायची कोणी तसदी घेतली नाही. मतदानाचा हक्क तेव्हा फी भरून नागरिकत्व घेणाऱ्या थोड्या पुरुषांनाच होता, त्यामुळे ज्यांची घरं गेली त्यांचं म्हणणं शहराच्या प्रतिनिधी सभागृहात पोचायचा मार्गच नव्हता. १५ ऑक्टोबर १८८८ ला शहर जकातीच्या हद्दीत आलं आणि मोकळ्या बंदरात कोणी राहायचं नाही असा नियम झाला.

काम म्हणून मात्र ही गोदामं अप्रतिम आहेत, हे मान्य करायलाच हवं. प्रत्येक इमारतीला एक तोंड रस्त्याकडे, एक कालव्याकडे. वर छपराच्या टोकाला रहाट, तो अजूनही दिसतो, त्याच्या दोराने पडावातली कॉफीची, मसाल्याची पोती थेट हव्या त्या मजल्यावर ओढून घ्यायची.

हलवलेल्यांपैकी पुष्कळ लोक कामापासून लांब जाणं परवडेना म्हणून गेंगफिअर्टलमध्ये घुसले. हा भाग म्हणजे एकमेकींना खेटलेल्या चाळी, मधे हातभर बोळ, ऊन नाही, संडास सामायिक. १८९२ च्या ऑगस्टमध्ये कॉलरा आला आणि काही आठवड्यांत ८,६०० लोक गेले, कारण तेच एल्बेचं न गाळलेलं पाणी. शेजारच्या आल्टोनात पाणी वाळूतून गाळून देत होते, तिथे साथ फार पसरली नाही. कलकत्त्यात कॉलरा अभ्यासून आलेला जर्मन डॉक्टर इथल्या वस्त्या बघून म्हणाला होता की आपण युरोपात आहोत हेच विसरायला होतंय. गाळणी केंद्र १८९३ ला सुरू झालं. त्यानंतर साथीचं कारण देऊन हे बोळही पाडत गेले, पण त्या जागी घरं थोडी आणि ऑफिसंच जास्त आली. म्योंकेबर्गश्ट्रासं हा शॉपिंगचा रस्ता त्यातूनच निघाला, आणि १९२४ चं चिलेहाउस, जहाजाच्या पुढच्या निमुळत्या टोकासारख्या कोपऱ्याची ऑफिसांची इमारत, तेही अशाच साफ केलेल्या भागात उभं आहे.

२०१५ मध्ये श्पायशरश्टाट आणि चिलेहाउसचा परिसर जागतिक वारसा झाला. गोदामांपैकी निम्मी युद्धात गेली होती आणि १९६७ पर्यंत परत बांधली, हे टूरमध्ये फारसं कोणी सांगत नाही. मोकळ्या बंदराची व्यवस्था तर २०१३ च्या सुरुवातीलाच संपली. पलीकडे हाफेनसिटी, म्हणजे जुन्या बंदराच्या जागेवरचा नवा भाग, आणि २०१७ ला उघडलेला फिलहार्मोनीचा संगीताचा हॉल, त्यावर सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे, इथे परत नको.

गेंगफिअर्टलच्या डझनभर इमारती मात्र अजून शिल्लक आहेत, राथाउसपासून चालत साधारण पंधरा मिनिटांवर. शहराने त्या एका गुंतवणूकदाराला विकल्या होत्या, बरंचसं पाडून नवं बांधायचा बेत होता. ऑगस्ट २००९ मध्ये कलाकारांनी आत शिरून ताबा घेतला, लोकांचा पाठिंबा वाढत गेला आणि डिसेंबरमध्ये शहराने त्या परत विकत घेतल्या. नेहमीच्या टूरमध्ये हा भाग बऱ्याचदा नसतो, त्यामुळे टूर संपल्यावर आपणच जाऊन बघायचा.