ऑपरेशन झालं, तरी नाकातले पॉलिप पुन्हा का येतात?

‘नाकात मांस वाढलंय, काढलं की मोकळे व्हाल’ असं ऐकून माणूस ऑपरेशन करून घेतो आणि दोन-तीन वर्षांत पुन्हा तोंडाने श्वास घ्यायला लागतो. मग सगळा राग सर्जनवर निघतो. बहुतेक वेळा तो अन्यायाचा असतो.

दुर्बिणीतून पाहिलं, तर पॉलिप सोललेल्या द्राक्षासारखा दिसतो: फिकट, ओलसर, अर्धपारदर्शक. हात लावला तरी दुखत नाही. सायनसचं, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांचं, अस्तरच सुजून, पाणी धरून असं लोंबायला लागतं. बहुधा दोन डोळ्यांच्या मधल्या एथमॉइड सायनसमधून. आयएल-४, आयएल-५, आयएल-१३ ही प्रथिनं प्रतिकारशक्तीला सतत चिथावत राहतात, इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी अस्तरात गोळा होतात आणि सूज ओसरतच नाही. सर्जन पॉलिप काढतो, पण अस्तराचा हा स्वभाव कापून काढता येत नाही. बेल्जियममध्ये ऑपरेशननंतर १२ वर्षांनी ३८ रुग्णांना तपासलं, तेव्हा सुमारे ७९ टक्के जणांत पॉलिप परतले होते. पुन्हा ऑपरेशन मात्र सुमारे ३७ टक्के जणांनाच लागलं होतं.

मग ऑपरेशन करायचंच कशाला? कारण सायनसची दारं उघडली की औषध आत पोचतं. खरा उपचार तिथून पुढे सुरू होतो: मिठाच्या पाण्याने नाक धुणं (पाणी उकळून गार केलेलंच हवं, नळाचं थेट नको) आणि स्टेरॉइडचा स्प्रे, रोज, वर्षानुवर्षं. नाक मोकळं झालं की लोक नेमका हाच स्प्रे बंद करतात. मारतानाही चुकतं. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, मान किंचित खाली घालून, नळीचं टोक बाहेरच्या बाजूला, कानाकडे वळवून मारावा. मधल्या पडद्यावर मारला तर रक्त येतं आणि औषधही वाया जातं.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी गेलेला वास काही दिवसांत परत येतो, म्हणून त्यांचा मोह पडतो. पण वारंवार घेतल्या तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो. पॉलिपसोबत दमा असेल आणि अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेतल्यावर धाप लागत असेल, तर ते डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. अशांचे पॉलिप सर्वांत चिवट असतात. आणि एकाच नाकपुडीत गाठ दिसली, तर तो साधा पॉलिप समजून थांबू नये, तपासणी करून घ्यावी.

एवढं करूनही पॉलिप हटत नसतील, तर आता इंजेक्शनं आहेत. आयएल-४ आणि आयएल-१३ यांचा निरोप अडवणाऱ्या डुपिलुमॅबला अमेरिकेत २०१९ मध्ये या आजारासाठी मंजुरी मिळाली. गाठी लहान होतात, अनेकांना वास पुन्हा येऊ लागतो. ते महाग आहे आणि साधारण दर दोन आठवड्यांनी घ्यावं लागतं. एका चाचणीत २४ आठवड्यांनी ते थांबवल्यावर पॉलिप पुन्हा वाढू लागले.