पार्श्वभूमी: मोठ्यांचे ठोकळे आणि 14 वर्षांची अट

यवतमाळ, वाशीम, अमरावती जिल्ह्यांतल्या तालुक्याच्या गावांमधून स्वतःच्या आराखड्याने लेगोची, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांची मॉडेलं करणारी मोठी माणसं आता तुरळक का होईना, दिसू लागली आहेत. कोणी शाळेत शिकवतो, कोणी कृषी केंद्र चालवतो. त्यांच्या कामात एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. कॉम्प्युटरवर पूर्ण झालेली मॉडेलं पुष्कळ आणि टेबलावर उभी असलेली फार थोडी. शकुंतला रेल्वे, कापसाचं जिनिंग, गडचिरोलीकडचं मार्कंड्याचं देऊळ असं सगळं फाइलमध्ये शेवटच्या ठोकळ्यापर्यंत तयार असतं, पण ठोकळेच नसतात. ‘गावात मिळत नाहीत’ हे त्याचं नेहमी सांगितलं जाणारं कारण. ते अर्धंच खरं आहे. बाकीचं कारण फेब्रुवारी 2020 मध्ये एकाच महिन्यात झालेल्या दोन सरकारी निर्णयांत आहे, आणि त्यावर बोलणं गरजेचं आहे.

डेन्मार्कमधल्या बिलुंडचा सुतार, 1932 चा त्याचा कारखाना, 1949 चे पहिले प्लास्टिक ठोकळे ही लेगो कंपनीची कथा अनेकांना माहीत आहे. तिच्यातल्या दोनच तारखा पुढे कामाला येतात. 28 जानेवारी 1958 ला वर बटणं आणि आत पोकळ नळ्या अशा जोडणीच्या पेटंटसाठी अर्ज झाला. ठोकळ्याला पकड आली ती त्या नळ्यांमुळे. पुढे पेटंटची मुदत संपली, तेव्हा कंपनीने ठोकळ्याच्या आकारावरच ट्रेडमार्कचा हक्क सांगितला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो 2005 मध्ये मान्य केला नाही आणि युरोपच्या न्यायालयानेही 2010 मध्ये नाकारला. आकार जर कामासाठीच घडलेला असेल तर तो कायमचा कोणाच्या मालकीचा होऊ शकत नाही, हे त्यामागचं तत्त्व. त्यामुळे मूळ ठोकळ्यावर घट्ट बसणारा ठोकळा आज दुसरा कारखानदारही उघडपणे काढू शकतो.

विदर्भापुरतं बोलायचं तर मोठ्या माणसाने खेळणं घडवणं इथे नवीन नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. लाकडी नंदी पोरांचे, दोरी पोरांच्या हातात, बोजारा म्हणजे नंदीमागे मिळणारे खाऊ-पैसेही पोरांनाच. पण नंदी घडवणारे, रंगवणारे, त्याच्या वशिंडाची उंची आणि चाकांचा मेळ यावर रात्र रात्र बोलणारे सगळे बापे असतात. काही गावांतले नंदी तर इतके मोठे असतात की लहान मुलाला ते ओढवत नाहीत. त्यासाठी आजवर कोणी कोणाला नावं ठेवलेली नाहीत. प्लास्टिकचे ठोकळे घेऊन बसलेल्याला मात्र अजूनही ऐकावं लागतं, “एवढा मोठा झाला बावा, अन् पोट्ट्यायसारखा खेळते.” नंदी करणारे हात आणि ठोकळे जोडणारे हात यांत मला तरी फरक दिसत नाही.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत वाढलेल्यांच्या वाट्याला नट-बोल्टवाले लोखंडी पट्ट्यांचे देशी संच आले, नाहीतर यात्रेत पिशवीतून मिळणारे ठोकळे. ते एकमेकांत बसायचे, पण दहा वेळा काढले-घातले की सैल व्हायचे. परदेशी माल दुकानात दिसणंच अवघड होतं. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे, म्हणजे किती माल आणायचा यावरचे, उरलेसुरले निर्बंध 1 एप्रिल 2001 ला उठले, आणि त्यानंतरही खरे ठोकळे नागपूर-पुण्याच्या मोठ्या दुकानांपर्यंतच पोहोचले. दारव्हा, कारंजा, आर्वीच्या माणसाने ते हाताळले असतील तर एखाद्या नातेवाइकाकडे.

तिकडे जगात मात्र या छंदाचं रूप पालटत होतं. 1995 मध्ये एका ऑस्ट्रेलियन तरुणाने ठोकळे कॉम्प्युटरवर रचण्याचा प्रोग्राम लिहिला आणि फुकट वाटला. दोन वर्षांत तो वारला, पण त्याने घालून दिलेली पद्धत छंदिष्टांनी पुढे चालवली आणि ती आजही वापरात आहे. 2000 मध्ये सुटे ठोकळे विकण्या-घेण्याचा जागतिक बाजार इंटरनेटवर सुरू झाला. तोही एका छंदिष्टाने उभा केलेला, आणि 2019 मध्ये मूळ कंपनीनेच तो विकत घेतला. या दोन गोष्टी नसत्या तर स्वतःचा आराखडा करणं श्रीमंतांपुरतंच राहिलं असतं. आधी पडद्यावर रचायचं, प्रोग्रामकडून सुट्या भागांची यादी काढायची, आणि मग तेवढेच भाग मागवायचे. अख्खा डबा घेऊन त्यातले चार ठोकळे वापरायची गरज उरली नाही.

आपल्याकडे यातला पहिला भाग 2016 नंतर आला. मोबाइल डेटा स्वस्त झाला, जुना लॅपटॉप घरात आला, आणि तालुक्याच्या गावात बसून माणूस तोच प्रोग्राम वापरू लागला जो जर्मनीतला छंदिष्ट वापरतो. यादी निघू लागली, पण ती मागवायची वेळ आली तेव्हा 2020 उजाडलं होतं.

त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर गेलं. त्याच फेब्रुवारीच्या 25 तारखेला खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश निघाला. आयएसआय चिन्हाशिवाय खेळणं बनवायचं नाही, आणायचं नाही, विकायचं नाही. मुदतवाढीनंतर हा आदेश 1 जानेवारी 2021 पासून लागू झाला. 2023 च्या अर्थसंकल्पात शुल्क आणखी वाढून 70 टक्के झालं. म्हणजे 1000 रुपयांच्या मालावर 700 रुपये नुसतं सीमाशुल्क, वर जीएसटी वेगळा, आणि माल म्हणताना त्यात वाहतुकीचा खर्चही धरलेला.

सरकारची बाजू लंगडी नव्हती. 2019 मध्ये आयात खेळण्यांचे नमुने तपासले, तेव्हा सुमारे 67 टक्के नमुने सुरक्षेच्या चाचणीत नापास झाले. पोराच्या तोंडात जाणाऱ्या रंगात शिसं असेल तर सक्ती हवीच, त्यावर कोणाचं दुमत असू नये. देशातल्या कारखानदारीलाही आधार हवा होता आणि तो मिळाला. 2018-19 मध्ये 37 कोटी डॉलरच्या वर असलेली खेळण्यांची आयात 2021-22 मध्ये 11 कोटींवर आली. माझा प्रश्न या उद्देशाबद्दल नाही. तो उद्देश ज्या वस्तूपर्यंत जायला नको होता तिच्यापर्यंत गेला, त्याबद्दल आहे.

गुंता इथे आहे. गुणवत्ता आदेशाने खेळण्याची व्याख्या केली आहे, ती 14 वर्षांखालील मुलांच्या खेळासाठी योजलेली किंवा उघडपणे त्यासाठीच दिसणारी वस्तू अशी. ती ‘केवळ’ त्यासाठीच असली पाहिजे असं नाही, हेही त्या व्याख्येतच आहे. योगायोग असा की 2020 मध्येच मूळ कंपनीने मोठ्यांसाठीचे संच 18+ असा ठळक आकडा छापून काळ्या डब्यांत आणायला सुरुवात केली. डब्यावरचा आकडा प्रमाण मानला तर तो संच व्याख्येबाहेर पडतो. डब्यातला ठोकळा पाहिला तर तो सहा वर्षांच्या मुलाच्या डब्यातला तोच ठोकळा आहे, एकाच साच्यातला. आणि सुटा ठोकळा परदेशातल्या विक्रेत्याकडून प्लास्टिकच्या पुडीत येतो तेव्हा त्यावर वय कुठे छापलेलं असतं? चार बटणांच्या तपकिरी प्लेटा, म्हणजे चपटे ठोकळे, दोनशे नग, बस्स. तो माल कोणासाठी, हे पुडी सांगत नाही.

सीमाशुल्काच्या तक्त्याला तर वयाशी देणंघेणंच नाही. 9503 या सदरात तीनचाकी सायकली, बाहुल्या, कोडी आणि लहान प्रमाणातली मॉडेलं सगळी एकत्र आहेत. साठ वर्षांच्या निवृत्त मास्तरने मागवलेली प्लेट आणि बाळाचा खुळखुळा एकाच ओळीत बसतात. वैयक्तिक वापरासाठी टपालाने आलेल्या वस्तूंचं सदर वेगळं, त्याचा दर वेगळा. म्हणून पार्सल कोणत्या सदराखाली धरलं जातं यावर आकडा बदलतो, आणि मागवणाऱ्याला तो आधी कळत नाही. मुंबई-पुण्याचा माणूस कस्टमच्या कार्यालयात जाऊन विचारू तरी शकतो. उमरखेडच्या माणसाने पाचशे रुपयांच्या पुडीसाठी मुंबईला चक्कर मारायची का? तो सरळ मागवणंच सोडून देतो.

डिसेंबर 2020 मध्ये आदेशात दुरुस्ती झाली. नोंदणीकृत हस्तकला कारागीर आणि भौगोलिक मानांकन असलेली खेळणी यांना सूट मिळाली. ती योग्यच होती. लाकडी खेळणी घडवणाऱ्या सुतारामागे प्रयोगशाळेचा ससेमिरा लावणं अन्यायाचं झालं असतं. पण कारागिरासाठी दार उघडताना स्वतःच्या आराखड्याने काम करणाऱ्या मोठ्या छंदिष्टाचा विचार कोणी मांडल्याचं दिसत नाही. त्याने आपल्या मॉडेलचा संच बांधून आयएसआय चिन्हाशिवाय खेळणं म्हणून विकायला काढला, तर 2016 च्या भारतीय मानक ब्यूरो कायद्याप्रमाणे पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. म्हणून जे विकतात ते रचनेची चित्रं आणि यादी तेवढी विकतात. ठोकळे ज्याचे त्याने शोधायचे.

छंदिष्टांमधला खरा-नकलीचा वाद यातूनच आपल्याकडे चिघळला. शुद्धतेचा आग्रह धरणारे म्हणतात, मूळ कंपनीचा सोडून दुसरा ठोकळा लावला तर ते काम धरायचंच नाही. त्यांचं एक म्हणणं पटतं. मूळ ठोकळ्याच्या साच्यातली चूक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी ठेवलेली असते, आणि चार फुटांची भिंत चढवताना तो फरक जाणवतो. स्वस्त ठोकळ्याच्या भिंतीला वरच्या थरात बाक येतो. पण अचलपूरच्या माणसाला हा नियम लावणं म्हणजे त्याला छंदातून उठवणं. आणि नकलीच म्हणायचं असेल तर 1949 चा तो पहिला डॅनिश ठोकळाही एका इंग्रज खेळणीकाराच्या ठोकळ्यावरच बेतलेला होता. इकडचे अनुभवी लोक मधला मार्ग काढतात. पायात, आतल्या भरावात आणि जमिनीत देशी ठोकळे, आणि जिथे पकडीवर सगळा भार आहे तिथे मूळ. मला ही पद्धत पूर्ण मान्य आहे.

पडद्यावर का होईना, आराखड्याचं काम किती बारकाईने चालतं हे शकुंतलेवरून समजेल. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला आणि दुसरा अचलपूरला जाणारी ही छोट्या रुळांची गाडी. 1921 मध्ये मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत धावलं. आता गाडीच बंद आहे. मूर्तिजापूर स्टेशन करायचं म्हटलं की पहिला प्रश्न रुळांचा येतो, कारण तिथे मुंबई-हावडा मार्गाची मोठी लाइन आणि शकुंतलेची छोटी लाइन शेजारी शेजारी आहेत. ठोकळ्यांच्या तयार रुळांमधलं अंतर 37.5 मिलिमीटर. आपल्या मोठ्या लाइनचं 1676. भागाकार केला की प्रमाण साधारण 1:45 येतं. युरोपातल्या 1435 च्या लाइनसाठी हेच रूळ वापरले तर प्रमाण 1:38 वर जातं, आणि मग ठोकळ्यांसोबत मिळणाऱ्या छोट्या माणसासमोर गाडीचा डबा फार मोठा दिसतो. म्हणजे डॅनिश रूळ आपल्या गाडीलाच जास्त शोभतात.

आता शकुंतला. तिच्या रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर. त्याला 45 ने भागलं की 17 ला थोडं कमी. ठोकळ्याची दोन बटणं म्हणजे 16 मिलिमीटर. एवढा फरक डोळ्याला कळत नाही. शिवाय प्लेटची जाडी 3.2 मिलिमीटर, म्हणजे पाच प्लेटा एकावर एक ठेवल्या तरी बरोबर 16 होतात. त्यामुळे रूळ उभ्या बटणांवरही बसवता येतो आणि आडव्या लावलेल्या प्लेटांनीही, आणि दोन्ही जोडकामं कुठेही फट न राहता एकमेकांत मिळतात. एवढ्या अरुंद रुळांवर चालणारं तयार चाक मात्र नाही. ते टायर काढलेल्या छोट्या रिमवर करावं लागतं. अशा हिशेबात रात्री जातात, आणि हा हिशेब करणारा माणूस खेळत बसलाय असं म्हणणाऱ्याने एकदा शेजारी बसून पाहावं.

दगडी देवळं करणाऱ्यांची अडचण रंगाची. 2004 च्या सुमारास मूळ कंपनीने राखाडीची छटा निळसर केली आणि जुनी राखाडी बंद केली. तेव्हा जगभरातले छंदिष्ट संतापले होते, कारण जुन्या-नव्या ठोकळ्यांची भिंत ठिगळ लावल्यासारखी दिसू लागली. हेमाडपंती देवळाला मात्र ती भेसळ उपयोगी पडते. झिजलेल्या काळ्या दगडात कुठे एकसारखी छटा असते? अशी भिंत करताना जुनी राखाडी, नवी राखाडी आणि उन्हाने पिवळट पडलेली राखाडी मुद्दाम मिसळतात.

उन्हाचा मुद्दा इकडे महत्त्वाचा आहे. ठोकळ्यांचं एबीएस प्लास्टिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे चंद्रपूरच्या 47 अंशांत मॉडेल वितळेल ही भीती नाही. नुकसान होतं ते थेट उजेडाने. पांढरे, राखाडी आणि निळे ठोकळे खिडकीशी ठेवले की एक-दोन उन्हाळ्यांत पिवळे पडू लागतात. टिनाच्या छपराखालच्या खोलीत धूळही तेवढीच असते, विशेषतः जिनिंगचा हंगाम सुरू असला की. मॉडेल कापडाखाली किंवा बंद कपाटात ठेवावं लागतं.

शुल्क कमी होईल का, याची वाट पाहणं काहींनी सोडलं आहे. मागणी मात्र साधी आहे आणि ती मांडायला हवी. सुटे भाग, ठरावीक किमतीपर्यंत, मोठ्या व्यक्तीने स्वतःसाठी मागवले तर त्यांना खेळण्यांच्या सदरातून वेगळं काढावं, आणि त्यांचा दर पार्सल निघण्याआधीच कळावा. मुलांच्या सुरक्षेचा नियम त्याने तसूभरही ढिला होत नाही. तोवर इकडचे लोक जुने डबे एकमेकांकडून विकत घेतात, शहरात शिकायला गेलेल्या पोराकडून मागवतात, आणि यादीतला एखादा भाग मिळालाच नाही तर मिळणाऱ्या भागांवर आराखडा पुन्हा बेततात.