पुल रिक्वेस्टमधला ‘पुल’ आला कुठून?

ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रकल्पात पहिल्यांदा हातभार लावणाऱ्याला ‘पुल रिक्वेस्ट’ हा शब्द उलटा वाटतो. बदल पाठवतोय आपण, मग ‘ओढून घ्या’ अशी विनंती कशाला? याचं उत्तर गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळाच्या बरंच आधीचं आहे.

दोन फायलींतला फरक दाखवणारं ‘डिफ’ युनिक्स या संगणक प्रणालीवर १९७०च्या दशकातच होतं. १९८५ मध्ये प्रोग्रामर लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ लिहिलं आणि तो फरक दुसऱ्याच्या फाइलवर आपोआप चढवता येऊ लागला. समोरची फाइल दरम्यान थोडी बदललेली असली, तरी आजूबाजूच्या ओळी ताडून पॅच जागा हुडकायचं. अख्खा प्रोग्राम धाडायची गरज उरली नाही, चार ओळींचं ठिगळ पुरे. त्या ठिगळालाही पॅचच म्हणतात.

ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स हे संगणक प्रणालीच्या गाभ्याचं सॉफ्टवेअर, म्हणजे कर्नल, जाहीर केलं, तेव्हा लोक अशीच ठिगळं मेलने पाठवू लागले. पसंत पडलेली टोरवाल्ड्स स्वतः चढवत. प्रकल्प फोफावला तशी ही रीत अपुरी पडली. पॅच पाठवावा, उत्तर नाही, नकारही नाही. मग तोच पुन्हा पाठवावा. १९९८ पर्यंत यावरून उघड भांडणं सुरू झाली होती.

२००२ मध्ये टोरवाल्ड्स यांनी कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं बिटकीपर वापरायला घेतलं. ते होतं खासगी कंपनीचं, कोड बंद ठेवलेलं सॉफ्टवेअर, फक्त वापरायला फुकट. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना हे झोंबलं, आणि माझ्या मते त्यांचा राग रास्त होता. २००५ मध्ये प्रोग्रामर अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरशी बोलू शकेल असा प्रोग्राम स्वतः लिहायला घेतल्यावर कंपनीने फुकटचा परवाना काढून घेतला. ट्रिजेल यांची युक्ती काय होती? टेलनेट या दूरच्या संगणकाशी जोडणाऱ्या साध्या प्रोग्रामने सर्व्हरला जोडून ‘हेल्प’ टाइप करणं! एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टोरवाल्ड्स यांनी बिटकीपरच्या जागी गिट लिहायला घेतलं, आणि १६ जूनला आलेली २.६.१२ ही कर्नलची आवृत्ती गिटवरच सांभाळलेली होती.

गिटमध्ये प्रत्येकाकडे प्रकल्पाची पूर्ण प्रत असते. मुख्य प्रतीत लिहायचा हक्क कुणाला वाटत बसावं लागत नाही. एखादा विभाग सांभाळणारा मेल करतो: माझ्याकडे बदल तयार आहेत, ओढून घ्या. तीच ती पुल रिक्वेस्ट. २००८ मध्ये गिटहबने त्या मेलचं बटण केलं.

मधे कायद्याचाही एक तडाखा बसला. मार्च २००३ मध्ये एससीओ या सॉफ्टवेअर कंपनीने आयबीएमवर खटला भरला. आमचा कोड लिनक्समध्ये घुसवला, हा आरोप. मग कुठली ओळ कुणी दिली याची नोंद हवी, म्हणून २००४ पासून ‘साइन्ड-ऑफ-बाय’ आलं: हा कोड द्यायचा हक्क मला आहे, असं सांगणारी नावानिशी ओळ.

टोरवाल्ड्स यांच्या कर्नलची प्रत आज गिटहबवर आहे. तिथे आलेल्या पुल रिक्वेस्ट मात्र ते घेत नाहीत. नवख्याचा पॅच अजूनही मेलनेच जातो, त्या ओळीसकट.