बखर आणि अस्सल कागद : भूमिकाखेळांच्या इतिहासाची पार्श्वभूमी

इतिहास नोंदवण्यातील अचूकतेविषयी धुळ्यात बसून लिहायचे तर इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना ओलांडून पुढे जाता येत नाही. १८९८ मध्ये निघालेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडात त्यांनी १७५० ते १७६१ या काळातील पत्रे छापली आणि बखरींतील मजकूर त्या पत्रांशी ताडून पाहिला. १९२६ च्या अखेरीस ते धुळ्यातच निवर्तले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळही येथेच उभे राहिले. प्रसंगाच्या वेळचा कागद आणि मागाहून सांगितलेली हकिकत यांतला त्यांनी दाखवलेला भेद, जेमतेम पन्नास वर्षांच्या एका अमेरिकी खेळप्रकारालाही तंतोतंत लागू पडतो.

हा प्रकार म्हणजे टेबलावरचा भूमिकाखेळ. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे, ते काय करते हे बोलून सांगायचे आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे पंचाच्या देखरेखीखाली फासे टाकायचे. आखाजीला आपल्याकडे पत्त्यांचा डाव बसतो त्यात कोणी तरी जिंकतो, कोणी हरतो. इथे तसा शेवट नसतो, आणि सारे तोंडीच घडत असल्यामुळे डाव उठला की मागे फारसे लेखी उरत नाही. अचूकतेची अडचण इथूनच सुरू होते.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातील पहिला छापील खेळ जानेवारी १९७४ मध्ये विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा येथून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांच्या नावाने निघाला. पहिली छपाई एक हजार प्रतींची होती. त्यावर ‘भूमिकाखेळ’ असे कुठेही म्हटलेले नव्हते, तो मध्ययुगीन काल्पनिक युद्धखेळांच्या, म्हणजे टेबलावर सैन्य मांडून खेळायच्या लढायांच्या, नियमांचा संच म्हणून विकला गेला. हे नाव पुढच्या काही वर्षांत रुळले, त्यामुळे ‘पहिला भूमिकाखेळ’ ही पदवी मागाहूनची आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

खरा वाद श्रेयाचा होता. गायगॅक्स यांनी जेफ पेरेन यांच्यासह १९७१ मध्ये ‘चेनमेल’ हे नियमपुस्तक काढले होते आणि त्याच्या पुरवणीत जादूगार व राक्षस होते. त्यावरूनच सारे उगवले, अशी एक हकिकत सांगितली जाई. मात्र मिनेसोटातील डेव्हिड वेसली यांनी १९६९ मध्येच ‘ब्राउनस्टाइन’ नावाचा डाव मांडून खेळाडूंना सैन्याऐवजी गावातील एकेक व्यक्ती वाटून दिली होती, आणि पंचाला मोकळीक देण्याची कल्पना त्यांनी चार्ल्स टॉटन यांच्या १८८० च्या लष्करी युद्धखेळ-ग्रंथातून उचलली होती. आर्नसन हे वेसली यांच्याच खेळगटातले. १९७१ च्या वसंतात त्यांच्या छोट्या पत्रिकेत ‘मध्ययुगीन ब्राउनस्टाइन’ची सूचना छापलेली आढळते. ब्लॅकमूर या काल्पनिक प्रदेशात आर्नसन चालवत असलेल्या डावाची वंशावळ ठरवताना, चाळीस वर्षांनी दिलेल्या कोणत्याही मुलाखतीपेक्षा ही चार ओळींची सूचना मला अधिक वजनदार वाटते. १९७९ मध्ये मानधनावरून आर्नसन न्यायालयात गेले आणि १९८१ मध्ये तडजोड झाली. त्या भांडणानंतरची दोन्ही बाजूंची प्रत्येक आठवण पक्षकाराची आठवण म्हणून वाचावी लागते. नेमकी हीच काळजी बखरीबाबतही घ्यावी लागते.

त्याच १९७९ साली मिशिगनमधील एक विद्यार्थी बेपत्ता झाला आणि खेळाच्या नादात तो विद्यापीठाखालच्या भुयारांत हरवला, असे वृत्तपत्रांनी छापले. शोध घेणाऱ्या खासगी तपासनिसानेच १९८४ मध्ये ही समजूत खोडून काढली, तरी ती पुढेही सांगितली जात राहिली.

हौशी पत्रिका, पत्रे आणि जुन्या प्रती गोळा करून जॉन पीटरसन यांनी २०१२ मध्ये या खेळाचा सविस्तर इतिहास लिहिला, आणि २०२४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चा १९७३ चा मसुदाही छापून आला. त्यामुळे कोणता नियम केव्हा कागदावर आला, हे आता बरेच नेमके सांगता येते. १९७२ च्या अखेरीस लेक जिनिव्हात आर्नसन यांनी गायगॅक्स यांना ब्लॅकमूर प्रत्यक्ष खेळवून दाखवले, ती बैठक मात्र तोंडीच होती. गायगॅक्स २००८ मध्ये वारले आणि आर्नसन त्यानंतर वर्षभराने.