पिवळ्या कॅसेटची गोष्ट

हल्ली दर दोन दिवसांनी एक रील समोर येतं, वर "हे खेळलं असेल तर तुमचं बालपण भारी होतं" असं काहीतरी लिहिलेलं, मागे काँट्रा या गेमचं म्युझिक, आणि फोटोत एक करडा चौकोनी डबा. तो फोटो बघितला की मी थांबतो, कारण तो डबा आपल्याकडे नव्हताच, तो अमेरिकेतला निन्टेन्डो. आमच्याकडे साताऱ्यात ज्यांच्या घरी "व्हिडिओ गेम" होता त्यांच्याकडचा हलक्या प्लॅस्टिकचा असायचा, वरून गेमची कॅसेट खोचायची फट, दोन रिमोट (कंट्रोलर हा शब्द आम्हाला फार नंतर कळला), एक पिस्तूल, आणि ती पिवळी कॅसेट. हे सगळं आलं कुठून हे कळायला मला तिशी गाठावी लागली, आणि ती गोष्ट खूप मोठी आहे म्हणून नीट लिहून काढतोय.

मूळ मशीन जपानचं. निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ ला फॅमिली कॉम्प्युटर नावाने बाजारात आणलं, लोक त्याला फॅमिकॉम म्हणायला लागले, किंमत १४,८०० येन. बनवणाऱ्या टीमचे प्रमुख मासायुकी उएमुरा. आत ८ बिटचा प्रोसेसर आणि काम करायला मेमरी फक्त २ केबी, म्हणजे आज हे जे मी टाईप करतोय ना, एवढा मजकूरसुद्धा त्यात मावणार नाही. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास व्हिडिओ गेमचा धंदा पार बसला होता, दुकानदार गेम हा शब्द ऐकायला तयार नव्हते, म्हणून १९८५ मध्ये तिकडे नेताना निन्टेन्डोने रूपच बदललं, व्हीसीआरसारखी समोरून कॅसेट घालायची सोय केली, तोच रीलमधला करडा डबा. आणि आत एक छोटी चिप बसवली जी कॅसेट कंपनीची आहे की नाही ते तपासायची, नसेल तर गेम चालूच व्हायचा नाही.

जपानी मशीनमध्ये ही कुलूपवाली चिप नव्हती. माझ्या मते आपलं सगळं बालपण या एका गोष्टीवर उभं आहे.

कारण कुलूप नाही म्हटल्यावर तैवानमध्ये कॉपी करणं सोपं झालं. चिप बनवण्याची जाण तिथे होतीच, यूएमसीसारख्या मोठ्या कंपनीने फॅमिकॉमच्या प्रोसेसरच्या नकला काढल्या, त्यांच्यावर मायक्रो जीनियससारखी मशीन्स निघाली. पुढे तर प्रोसेसर, चित्र काढणारी चिप, आवाज असं सगळं एकाच चिपमध्ये कोंबायला लागले आणि किंमत धाडकन खाली आली. तिथून आणि चीनमधून हे डबे जगभर गेले. रशियात १९९२ मध्ये तेच डेंडी झालं, पोलंडमध्ये पेगासस, आपल्याकडे सामुराई, मीडिया अशा नावांनी मिळायचं, आणि कित्येकांवर तर कुठलंच धड नाव नसायचं. म्हणजे मॉस्कोतलं एखादं पोरगं आणि साताऱ्यातला मी एकाच वेळी एकाच कारखान्याच्या ओळीतलं मशीन घेऊन बसलो असू, आणि दोघांनाही निन्टेन्डो हे नाव माहीत नसेल, हा विचार मला आजही फार आवडतो.

आपल्याकडे वेळही जुळून आली. १९८२ च्या एशियाडपासून रंगीत टीव्ही आला होता, नव्वदच्या दशकात तो मध्यमवर्गात पोचला, १९९१ नंतर परदेशी वस्तू बाजारात दिसायला लागल्या. सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीची मशीन्सही शॉ वॉलेस कंपनीने इथे आणली होती पण ती महाग, आमच्या ओळखीत कोणाकडे नव्हती. आपला माल यायचा तो मुंबईला लॅमिंग्टन रोड, मनीष मार्केट, पुण्यात तपकीर गल्ली अशा ठिकाणाहून. माझं मशीन मामाने मुंबईहून एसटीने आणलं, मांडीवर ठेवून, कारण टपावर टाकलं तर फुटेल. मग घरी आल्यावर अँटेनाची वायर काढून याची वायर लावायची आणि टीव्हीचं बटण फिरवत मुंग्यांमधून चित्र येईपर्यंत बसायचं, चित्र आलं की बटणाला कोणीही हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद. ज्यांच्याकडे मशीन नव्हतं ते पेठेतल्या दुकानात तासावर पैसे देऊन खेळायचे, आणि तासातली शेवटची पाच मिनिटं राहिली की खेळणारा आणि मागे उभी असलेली पोरं सगळीच कावरीबावरी व्हायची.

आता गेमकडे येतो. मारिओ जपानमध्ये १३ सप्टेंबर १९८५ ला आला, निन्टेन्डोच्या शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी त्याच्या लेव्हल आलेखाच्या कागदावर चौकोन भरून आखल्या, आणि ती सगळी दुनिया, कोजी कोंडो यांच्या म्युझिकसकट, ४० केबीमध्ये बसवली. रोज सकाळी फॅमिली ग्रुपवर येणारा शुभ सकाळचा फोटोसुद्धा याच्यापेक्षा मोठा असतो. एवढ्या जागेत बसवायचं म्हणून काय काय केलंय बघा, वरचा ढग आणि खालचं झुडूप एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. मी हे वाचलं त्या रात्री गेम चालू करून तपासलं, खरंच तसं आहे, शेकडो वेळा त्या झुडपासमोरून पळालोय आणि कधी दिसलं नाही. मारिओची टोपी आणि मिशी या गेमच्याही आधीची, १९८१ च्या डाँकी काँग या गेममधली, एवढ्याशा ठिपक्यांमध्ये केस आणि तोंड काढणं अवघड म्हणून टोपी घातली आणि मिशी दिली.

टँक म्हणजे नाम्को या जपानी कंपनीचं बॅटल सिटी, हाही १९८५ चा. एकेका लेव्हलला शत्रूचे २० रणगाडे, आणि आपल्याला विटांमागचा तो गरुड सांभाळायचा. यात स्वतःचा नकाशा बनवायची सोय होती आणि आम्ही पहिलं काम काय करायचो तर गरुडाभोवतीच्या विटा काढून लोखंड लावायचो. भावाबरोबर खेळताना एक गरुडापाशी थांबणार आणि एक वर जाणार हे ठरलेलं, आणि वर कोण जाणार यावरून गेमपेक्षा जास्त लढाई. सर्कस आणि रोड फायटर कोनामी या जपानी कंपनीचे, तेही छान, पण त्यांच्यावर जास्त बोलण्यासारखं माझ्याकडे नाही.

पिस्तुलाने बदकं मारायच्या गेमचं मात्र सांगायलाच हवं, कारण त्यातली करामत कळल्यावर मी थक्क झालो होतो. आम्हाला वाटायचं पिस्तुलातून काहीतरी किरण निघून टीव्हीवर आदळतो. उलटं आहे. पिस्तूल काहीच सोडत नाही, ते बघतं. ट्रिगर दाबला की क्षणभरासाठी पूर्ण स्क्रीन काळी होते आणि लगेच बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन उमटतो, पिस्तुलाच्या नळीत प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो, त्याला आधी अंधार आणि मग उजेड दिसला तर बदक पडलं. दोन बदकं असतील तर चौकोन एकामागोमाग एक उमटतात, उजेड कितव्या वेळी दिसला त्यावरून कुठलं पडलं ते ठरतं. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. आणि हे फक्त त्या जुन्या पोट सुटलेल्या टीव्हीवरच चालतं, कारण तो चित्र अगदी ठरलेल्या वेळेला रेघ रेघ करून उमटवायचा, आताचे सपाट टीव्ही चित्र दाखवायला थोडा उशीर लावतात तेवढ्यात पिस्तुलाची वेळ निघून जाते. माझं पिस्तूल अजून कपाटात आहे पण टीव्ही भंगारात गेला, त्यामुळे ते आता कुठेच चालत नाही.

कॅसेटवर लिहिलेलं असायचं ९९९९९९९ इन १. म्हणजे जवळपास एक कोटी गेम, आणि आम्ही खरंच मानायचो. चालू केली की समुद्रकिनारा, उडणारे पक्षी, एक हळवी धून, आणि खाली लांबच लांब यादी. सुट्टीत एकदा आम्ही तिघांनी वही घेऊन एकेक नंबर उघडून नोंद करायला सुरुवात केली, काही पानं भरल्यावर कळलं की तेच ते थोडे गेम फिरून फिरून येतायत, कुठे मारिओ पुढच्या लेव्हलपासून सुरू होतो, कुठे आणखी काही थोडं बदललेलं. काँट्राच्या १६८ इन १ मध्येपण तसंच, वेगवेगळ्या बंदुका आणि लेव्हल देऊन एकच गेम अनेक नावांनी. तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटतं की ज्या कोणी ते केलं त्यालाही मूळ गेमच्या आत शिरून कुठला आकडा बदलला की काय होतं हे शोधायला लागलंच असणार, तेही सोपं काम नाही.

आणि काँट्रा. आर्केडमध्ये (म्हणजे दुकानातल्या नाणं टाकून खेळायच्या मशीनवर) १९८७ ला, घरच्या मशीनवर १९८८ ला. तीन लाईफ, एक गोळी लागली की मेला, आणि एस नावाची बंदूक मिळाली की जग जिंकल्यासारखं. ३० लाईफचा मंत्र तर सगळ्यांना पाठ, वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. हा आला कुठून तर कोनामीत काझुहिसा हाशिमोतो नावाचे एक प्रोग्रामर होते, ते १९८६ च्या सुमाराला ग्रेडियस नावाचा विमानांचा आर्केड गेम फॅमिकॉमवर आणत होते, आणि तो इतका अवघड की तपासायला म्हणून खेळताना त्यांनाच पार करता येईना, म्हणून स्वतःच्या सोयीसाठी त्यांनी ही बटणांची मालिका घातली, लक्षात राहायला सोपी अशी. पुढे ती कोनामीच्या कितीतरी गेममध्ये गेली आणि काँट्रामुळे जगभर पसरली. आमच्या पेठेत ती कोणी आणली माहीत नाही, पेपरात नव्हती, टीव्हीवर नव्हती, इंटरनेट तर भारतात सर्वसामान्यांना मिळालं तेच १५ ऑगस्ट १९९५ ला आणि साताऱ्यात ते कोणाला ठाऊक होतं. कोणाचातरी पुण्याचा चुलतभाऊ सुट्टीत यायचा आणि सांगून जायचा, तेवढंच. एखादी गोष्ट तोंडातोंडी इतक्या अचूकपणे पसरलेली मी दुसरी पाहिली नाही, जपानपासून आमच्या गल्लीपर्यंत एकही बटण इकडचं तिकडे झालं नाही.

फुंकर मारायचं पण तसंच, ती तर सगळ्या जगात मारायचे. गेम चालला नाही की कॅसेट काढा, फुंका, घाला. खरं म्हणजे फुंकरीने काही होत नाही, कॅसेट काढून परत घातल्यावर आतले पट्टे नीट टेकतात म्हणून चालायचं, उलट तोंडातल्या ओलाव्याने पट्टे गंजतात, निन्टेन्डो स्वतः सांगायची की फुंकू नका. आमच्या दुकानातल्या दादाला मात्र हे कुठून तरी माहीत होतं, तो खोडरबरने पट्टे घासायचा आणि वरून स्पिरिटचा बोळा फिरवायचा, त्याच्या कॅसेट सगळ्यात जास्त टिकल्या.

आमच्या कॅसेटमध्ये गेम सेव्ह नावाची गोष्ट नव्हती. आठव्या लेव्हलला पोचलोय आणि लाईट गेली की पहिल्यापासून, आणि लोडशेडिंगच्या दिवसांत हे इतक्यांदा व्हायचं की आम्ही घड्याळ बघून खेळायला शिकलो, लाईट जायला अर्धा तास असेल तर काँट्रा लावायचाच नाही, टँक लावायचा.

मग कॉम्प्युटर आले, सायबर कॅफे आले, डबा माळ्यावर गेला. जपानमध्ये निन्टेन्डोने २००३ पर्यंत फॅमिकॉम बनवणं चालू ठेवलं होतं, २० वर्षं. इकडे १९९७ मध्ये नेस्टिकलसारखे एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारे प्रोग्राम) निघाले आणि लोक हे गेम कॉम्प्युटरवर खेळायला लागले, मीपण, आणि तिथेच पहिल्यांदा मला काँट्राची सुरुवातीची स्क्रीन जशी मुळात होती तशी दिसली. खाली कोनामीचं नाव आणि साल. आमच्या कॅसेटमध्ये ती ओळच नव्हती. कॉपी करणाऱ्यांनी कंपनीची नावं पुसून टाकलेली असायची, काँट्राच्याच नाही तर कितीतरी गेमवरची. त्यात त्या काळी जपानी कंपन्या गेमच्या शेवटीसुद्धा लोकांची टोपणनावं टाकायच्या, दुसऱ्या कंपनीने माणसं पळवू नयेत म्हणून. म्हणजे मेहनत करणाऱ्याचं नाव एकदा त्याच्या कंपनीने झाकलं आणि दुसऱ्यांदा कॉपीवाल्याने पुसलं.

याचं मला मनापासून वाईट वाटतं. कॉपीवाल्यांना मी नावं ठेवणार नाही, मूळ मशीन आमच्या घरात कधीच आलं नसतं, जे मिळालं ते त्यांच्यामुळे. पण उएमुरा डिसेंबर २०२१ मध्ये गेले, हाशिमोतो फेब्रुवारी २०२० मध्ये, आणि हाशिमोतोंची बातमी वाचली तेव्हा त्यांचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होतो. त्यांनी घातलेली दहा बटणं मला शाळेच्या प्रार्थनेइतकी पाठ आहेत. म्हणून त्या रीलखाली नुसतं "काय दिवस होते" लिहिण्यापेक्षा ही दोन-चार नावं लिहा असं मला वाटतं.

गेल्या दिवाळीत माळा काढताना ती पिवळी कॅसेट सापडली. भाचीला आत काय असतं ते बघायचं होतं म्हणून मागचा स्क्रू काढला. अर्ध्याहून जास्त डबी रिकामी, खाली एक हिरवी पट्टी, आणि तिच्यावर मधोमध वाळलेल्या डांबरासारखा काळा ठिपका, आठ आण्याच्या नाण्याएवढा. चिप त्याच्या खाली. भाचीने त्याच्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, मारिओ इथे असतो का? मी म्हटलं हो, आणि काँट्रापण, आणि मग तिला हाशिमोतोंचं नाव सांगितलं, ते तिला पहिल्या झटक्यात म्हणता आलं नाही, तिसऱ्यांदा आलं.